लिफ्ट माझ्यामुळं बंद पडली नव्हती!

लिफ्ट बंद पडली की लोक बटणाकडं बघतात. आमची बंद पडली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. (आत मिट्ट अंधार होता. तरीही मला कळलं!)

त्या दिवशी माझ्या रेखाला बघायला वैजापूरची मंडळी, म्हणजे मुलाचे आईवडील, येणार होती. रेखा माझ्याच भारदस्त अंगलोटाची. म्हणून माझ्या मोठ्या जाऊबाई, शैलाअक्का, सकाळीच आमच्या सिडकोतल्या फ्लॅटवर बंदोबस्ताला हजर!

"सुमन, तू स्वयंपाकघरातून हलू नको. आईला बघितलं की लोकांना कळतं, मुलगी पुढं कशी दिसंल ते!"

मी मुकाट्यानं ओट्याला चिकटून उभी राहिले. पण आमचे हे पाहुण्यांना आणायला गेले स्टँडवर, आणि पाहुणे रिक्षानं थेट बिल्डिंगखाली! त्यांना ओळखणारी घरात मी एकटीच. मग काय, अक्कांबरोबर मलाही खाली जावं लागलं.

"तुम्ही व्हा पुढं, मी जिन्यानं येते," मी म्हटलं.

"असं कसं? चला की!" म्हणत मुलाच्या आईनं हाताला धरून मला लिफ्टमध्ये ओढलं. मुलाचे आईवडील, अक्का आणि मी. दार लागलं, लिफ्ट जरा वर गेली आणि खट्! अंधार!

"तरी मला वाटलंच होतं!" अक्का करवादल्या. "सुमन, आजच्या दिवस जिना चढली असतीस तर?"

पोरीचं स्थळ माझ्यापायी मोडणार! मी श्वास रोखला. एक पाय वर उचलून धरला. (तेवढाच भार कमी!)

"आत सहा माणसं चालतात," मुलाचे वडील म्हणाले, "आपण तर चौघंच."

"सहा म्हणजे साधी माणसं हो!" अक्का.

तेवढ्यात खालून वॉचमन ओरडला, "अम्मा, घबराना नक्को! पूरे एरिया की लाईट गई!"

लाईट गेल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता! अक्का मात्र हटेनात. "लाईटचं ठीक आहे, पण वजनानंसुद्धा..."

"वजनानं अख्ख्या सिडकोची लाईट गेली व्हय?" मुलाची आई म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "आमची थोरली लेक अशीच, भरल्या अंगाची. लोक येऊन पोहे खायचे आन् 'मुलगी जाड हाय' म्हणून निरोप धाडायचे. पोरीनं जेवणच सोडलं. पार दवाखान्यात न्यावं लागलं. तवापासून आमच्या घरात कुणाच्या अंगावरून बोलायचं नाय."

मी उचललेला पाय हळूच खाली टेकवला.

लाईट आली, लिफ्ट वर गेली, दार उघडलं. बाहेर पाऊल टाकलं आणि एकदम डोक्यात आलं, अगं बाई, आपण इतका वेळ अधांतरी लटकत होतो! तोवर वजनाच्या काळजीत लिफ्टची भीती वाटायचीच राहून गेली होती. ती सगळी आता एकदम आली. मी दारातच फतकल मारली!

एकच धावपळ! अक्का पदरानं वारा घालताहेत, रेखा पाहुण्यांचं पाणी मला पाजतेय, मुलाची आई माझ्याशेजारी फरशीवर बसून मला पोहे भरवतेय! मुलगी बघायच्या कार्यक्रमात सगळे बघत होते मलाच.

बशी रिकामी झाल्यावर मी धीर करून विचारलं, "मुलगी... पसंत आहे का?"

"ते पोरानं फोटो बघितला तवाच ठरलंय," ती म्हणाली. "आधी विहीणबाईंना आणखी पोहे आणा!"

नको म्हणायला मी तोंड उघडलं, आणि (खोटं कशाला सांगू?) घास घेऊनच मिटलं!