उजेडमास्तरांचे चार प्रश्न

वेधशाळेत चौकशीच्या फोनवर बसणाऱ्या माणसाला अख्खं शहर उजेडमास्तर म्हणायचं. मास्तरकी त्यांनी एक दिवसही केली नव्हती. पण आकाशात काही चमकलं की लोक त्यांनाच गाठायचे, आणि चार प्रश्न विचारल्याशिवाय मास्तर कुणाला सोडायचे नाहीत. किती वाजता, कुठल्या दिशेला, कोणता रंग, आणि हात लांब करून मूठ वळली तर क्षितिजापासून किती मुठी वर? एका बाईंना म्हणे परग्रहावरचे पाहुणे दिसले. मास्तर म्हणाले, "येऊ द्या हो पाहुणे, आधी किती मुठी वर आहेत ते सांगा." सत्तावीस वर्षं त्यांनी अशी काढली. बायको गेल्यावर तर त्यांना तो फोन आणि धाकटी बहीण, एवढंच उरलं होतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला फोन वाजायला लागला तो थांबेचना. उत्तरेला, सहा मुठी वर, पांढऱ्या धुराचं भलंमोठं वेटोळं. मास्तरांनी तक्ते काढले आणि पाच मिनिटांत छडा लावला. एक म्हातारा उपग्रह कक्षा बदलत होता आणि उरलंसुरलं इंधन बाहेर सोडत होता. खाली अंधार पडला तरी तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं, त्या उन्हात ती वाफ चमकते. मास्तर भलतेच खुशीत आले. असा छडा लागला की त्यांना आभाळ ठेंगणं व्हायचं, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

एकेचाळिसावा फोन बहिणीचा होता.

"दादा, भांडी घासताना खिडकीतून उजेड दिसला रे. लालसर होता. हे अजून समुद्रात आहेत, मला भीती वाटतेय."

"अगं वेडे, उपग्रह आहे तो! सगळं शहर मला तेच विचारतंय. भांडी घास निवांत."

हसतच त्यांनी फोन ठेवला. परक्या माणसांना चार-चार प्रश्न, आणि घरच्या माणसाला एकही नाही. राग येतो मास्तरांचा, खोटं कशाला बोला.

मेहुण्याची मासेमारीची होडी शुक्रवारी दुपारी परतायची होती. शनिवारीही आली नाही तेव्हा बंदरातून शोध सुरू झाला. पण एवढ्या समुद्रात बघायचं कुठं? त्या दिवसांत दक्षिणेला मासे चांगले लागत होते, म्हणून बोटी दक्षिणेला गेल्या. मास्तर दोन दिवस बहिणीजवळ बसून राहिले. ती जेवत नव्हती, आणि जेव म्हणण्याचा धीर त्यांना होत नव्हता.

सोमवारी ते ऑफिसात गेले. गुरुवारचा अहवाल वर पाठवायचा राहिला होता. चाळीस नोंदी त्यांनी तपासल्या. एकेचाळिसाव्या ओळीत बहिणीचं नाव आणि त्यांच्याच अक्षरात पुढे: उत्तर, पांढरा, सहा मुठी. त्या संध्याकाळच्या धांदलीत त्यांनी वरचंच खाली उतरवलं होतं.

बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या त्या खिडकीशी बसून त्यांनी शेकडो वेळा चहा प्यायला होता. ती पश्चिमेला उघडते. तिच्यातून समुद्र दिसतो, उत्तरेचं आभाळ मान मोडली तरी दिसत नाही. आणि चाळीस जणांपैकी एकानंही लाल म्हटलं नव्हतं. लाल उजेड अडचणीत सापडलेली होडी सोडते, कुणीतरी यावं म्हणून.

त्यांनी बंदरावर फोन लावला. "बोटी पश्चिमेला वळवा. गुरुवारी साडेसातनंतर तिकडून मदत मागितली होती."

"वळवतो, काका," पलीकडचा अधिकारी म्हणाला. "पण चार दिवस झालेत."

संध्याकाळी होडी सापडली. पश्चिमेलाच, फार लांब नाही, उलटी होऊन तरंगत होती. माणूस सापडला नाही. बंदरावरच्या लोकांनी बहिणीला तसं कळवलं आणि ते निघून गेले.

मास्तर तिच्यासमोर बसले. गप्प राहिले असते तर तिला कधी कळलंही नसतं. पण त्यांच्याच्यानं राहवलं नाही.

"तो उपग्रह नव्हता गं," ते म्हणाले. "मी तुला काही विचारलंच नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता.

"मी बंदराचाच नंबर लावत होते," ती म्हणाली. "मग म्हटलं, उगीच त्या लोकांना कशाला त्रास? आधी दादाला विचारावं."