माझ्या तोंडावरची लाल फुली

पडद्यावर मी होते. भिंतीएवढी. केस सुटलेले, पदर घसरलेला, गुडघ्यांवर बसून हात जोडत होते. समोर माझी मंजू फरशीवर लोळत स्वतःचं मनगट चावत होती. आणि मी म्हणत होते, "नको गं चिन्ना, स्वल्प थांब. बेल्ला देते, बेल्ला घे."

हॉलमध्ये हशा पिकला. एक लेकरू मनगट चावतंय, आई त्याला गुळाचा खडा दाखवतेय, आणि लोक हसतायत. मग चित्र थांबलं. माझ्या तोंडावर एक मोठी लाल फुली उमटली. खाली इंग्रजी अक्षरं आली. शेजारची बाई माझ्याकडे झुकून म्हणाली, "चुकीची आई, असं लिहिलंय." तिने मला ओळखलंच नव्हतं. मी त्या दिवशी लग्नातली रेशमी साडी नेसले होते.

मंजूला शिकवणाऱ्या मॅडमनीच केंद्राच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. "नक्की या हं मंजूची आई, तुमच्यासाठी सरप्राइज आहे." मला वाटलं, मंजूचं कौतुक असेल. तिच्या वेणीत मोगरा माळला. राजाजीनगरहून दोन बस बदलून जयनगरला आलो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. राजाजीनगरात आमचं शिलाईचं दुकान. नवरा कापड कापायचा, मी ब्लाउज शिवायचे. मंजू नऊ वर्षांची. तिला बोलता येत नव्हतं, दोन-चार शब्द सोडले तर. अनोळखी जागा, गर्दी, कसली घाई झाली की किंचाळायची, चावायची, डोकं आपटायची. शाळेने परत पाठवलं. नातेवाइकांनी लग्नाकार्याला बोलावणं सोडलं. अशात कुणीतरी सांगितलं, जयनगरला एक केंद्र आहे, तिथे अशा पोरांना कसं सांभाळायचं ते आईबापांना कॉम्प्युटरवर दाखवतात. मी धावले. का नाही धावणार?

मॅडम पुण्याच्या. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून इकडे आलेल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुमचं मराठी किती गंमतशीर आहे! कुठल्या खेड्यातलं?"

मी म्हटलं, "इथलंच, मॅडम. आमच्या किती पिढ्या इथेच, कानडी मुलखात झाल्या."

त्या हसल्या. मीही हसले. तेव्हा मला हसायची सवयच होती.

त्यांनी कॅमेरा लावला. म्हणाल्या, "घरी जशा वागता तशाच वागा. हे फक्त डॉक्टर बघणार आहेत." मी तशीच वागले. जशी आहे तशी.

खोटं कशाला बोलू, कॉम्प्युटरवरचं शिकवणं कामाचं होतं. लेकराला तोंडाने सांगता येत नाही म्हणून ते चावतं. त्याला एखादी खूण द्या. खूण केली की लगेच ऐका. मॅडमनी दाराचं चित्र असलेलं कार्ड दिलं. मंजूने फाडलं. दुसरं दिलं, तेही फाडलं. मग एक दिवस ती उठली, दाराबाहेर गेली आणि माझी चप्पल आणून माझ्या पायाशी ठेवली. घरी चल. मी त्याच क्षणी उठले. त्यानंतर तिला निघायचं असलं की ती चप्पल आणायची. मनगटावरचे वळ हळूहळू गेले. चप्पल आणतानाही कॅमेरा चालूच होता. मी रडतेय, मंजू माझा पदर ओढतेय, सगळं त्यात आलं होतं.

आता हॉलमध्ये तेच दिसेल म्हणून मी डोळे पुसून वर बघितलं. पडद्यावर मॅडम होत्या. कडक सुती साडी, कपाळावर छोटी टिकली. त्यांची भाची फ्रॉक घालून आली आणि नवीकोरी सँडल त्यांच्या पायाशी ठेवली. मॅडम गोड हसल्या. हिरवी खूण आली. बरोबर आई.

टाळ्या.

माझी चूक खरी. ती माझ्याच तोंडाने दाखवली. माझं बरोबर आलं तेव्हा तोंड दुसऱ्याचं. माझं अंग पेटलं. शेजारी मंजू, पडद्यावरच्या स्वतःच्या किंकाळ्यांनी आधीच बावरलेली, मनगट तोंडाकडे नेत होती. मी तिचा हात धरणार, एवढ्यात ती उठली. दारापाशी चपलांचा ढीग होता. त्यातून तिने माझी झिजलेली चप्पल हुडकली आणि आणून माझ्या मांडीवर ठेवली. रेशमी साडीवर. लोक अजून टाळ्या वाजवत होते.

मी चप्पल हातात घेऊन उभी राहिले.

"दिवे लावा," मी म्हटलं. कुणी ऐकेना. मग ओरडले, "दिवे लावा! ती फुलीवाली बाई मी आहे!"

दिवे लागले. मॅडम जवळ आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, असं काय करता? तुमचा चेहरा किती नॅचरल आलाय. ॲक्टिंगने असं येत नाही."

"मग चप्पल आणली ते का नाही दाखवलं? तेही नॅचरलच होतं."

"ते प्रेझेंटेबल नव्हतं. तुम्ही रडत होता, नाक वाहत होतं. ही शिकवणीची सीडी मोठ्या लोकांकडे जायची आहे." मग आवाज आणखी खाली. "तमाशा केलात तर मंजूची जागा ठेवता येणार नाही मला."

ती जागा गेली तर पुन्हा चावणं, पुन्हा रक्त, पुन्हा बंद दारं. हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्या बोलल्या.

मी म्हटलं, "जागा मंजूची आहे. सोमवारी आम्ही येणार." आणि मंजूने सांगितलं होतं म्हणून निघाले.

नवरा म्हणाला, "जाऊ दे, कशाला वैर?" सोमवारी मी मंजूला घेऊन गेले. म्हटलं, माझं फुलीवालं तोंड सीडीतून काढा.

मॅडम म्हणाल्या, "काढलंय ते."

"लावून दाखवा."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही."

कॉम्प्युटरसमोर त्यांची फिरती खुर्ची होती. आम्ही कायम खाली चटईवर बसायचो. मी त्या खुर्चीत बसले. मंजूला जवळ घेतलं.

"सीडी लावा. मी पूर्ण बघणार. माझं तोंड राहिलं असेल तर माझ्यासमोर काढा. यापुढे कॅमेरा सुरू करायच्या आधी मला विचारायचं. चूक दाखवायची असेल तर बरोबरही माझंच दाखवायचं, वाहत्या नाकासकट. आणि मंजू इथेच शिकणार."

त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "उठा आधी तिथून."

मी खुर्ची पुढे ओढली.

"मंजू चप्पल आणेल तेव्हा उठेन. तुम्ही सांगताय म्हणून नाही."