भावाच्या लॉरीला मोठं इंजिन

सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या ज्या फ्लॅटमध्ये मी खोली भाड्यानं घेतली होती, तिथल्या आंटींनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "तू डॉक्टर ना? कसली?"

मी म्हटलं, "औषधाची नाही. पीएचडी केलीय. इंजिनावर काम करते."

एवढं बोलले तिथंच माझं चुकलं. इंजिनावर काम म्हणजे काय, हे मी पुढे समजावून सांगायला हवं होतं. विद्यापीठातल्या एका गारठलेल्या खोलीत बसून डिझेलचा फवारा सिलिंडरमध्ये कसा पेटतो याचं गणित मी संगणकाकडून करून घेत असे. खऱ्या इंजिनाशी माझा संबंध म्हणजे पुण्यात असताना स्कूटी बंद पडली की कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत ढकलत न्यायची, एवढाच. पण आंटींनी पुढचं काही ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि भांडी घासायला लागल्या.

आंटी साठीच्या पुढच्या, बारीक केस कापलेल्या, विधवा. नवऱ्याबरोबर त्यांनी तीस वर्षं गाड्यांचं गॅरेज चालवलं होतं. नवरा गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि आंटी गाडीखाली असायच्या, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी नक्कीच विचारलं असतं, की मग माझी गरज काय?

त्या रविवारी त्या मला पुलाउ उबीनला घेऊन गेल्या. बेटावर त्यांचा थोरला भाऊ एकटा राहत होता. मला वाटलं, सायकल चालवू, शहाळं पिऊ, परत येऊ. बमबोटीतून, म्हणजे बारा माणसं जमली की सुटणाऱ्या छोट्या लाकडी बोटीतून, उतरलो तर धक्क्यावर अंकल उभे होते, सत्तरीचे, काटकुळे, पायात रबरी चपला. शेजारी त्यांची लॉरी. छोटी, पुढं नाक असलेली, माझ्या जन्माच्या आधीची. रंग मूळचा निळा असावा. बेटाच्या आतल्या बाजूला अंकलचं छोटं दुकान होतं, सायकलवाल्यांना थंड पेयं विकायचं, आणि त्याचा सगळा माल या लॉरीतून जायचा.

वाटेत एक चढ होता. चढाच्या पायथ्याशी अंकलनी लॉरी थांबवली, खाली उतरले आणि पेयांचे अर्धे क्रेट एकेक करून झाडाखाली मांडून ठेवले. उरलेले घेऊन वर गेले, दुकानात उतरवले, परत खाली आले, झाडाखालचे भरले, पुन्हा वर. भरलेली लॉरी चढ चढायचीच नाही. मी मदतीला पुढं झाले तर त्यांनी हातानंच मला बाजूला केलं.

सगळं उतरवून झाल्यावर आंटी भावाशी हॉक्कियन या त्यांच्या चिनी बोलीत बराच वेळ बोलल्या. मधूनमधून माझ्याकडे बोट दाखवत होत्या. अंकल माझ्याकडे बघत होते. शेवटी आंटी मला म्हणाल्या, "मान हलव."

"कशाला?"

"हलव, मग सांगते."

मी मान हलवली. अंकल आत निघून गेले. मग आंटी भावाला काय म्हणाल्या ते त्यांनी मला सांगितलं, की शहरातून आलेली डॉक्टर म्हणते, या लॉरीला मोठं इंजिन बसवायला पाहिजे आणि ते इथे अंगणातच बसेल.

मी परत येताना बोटीत त्यांना स्वच्छ सांगितलं, की मला यातलं काही येत नाही. त्या म्हणाल्या, "मला येतं." मी म्हटलं, इंजिन बदलायचं तर परवानगी लागत असेल. त्या म्हणाल्या, "कागद झालेत." इंजिनही ठरलं होतं, मोडीत निघालेल्या एका व्हॅनचं, डिझेलचं, दोन वर्षं सहज चालेल असं. म्हणजे सगळं ठरलं होतं. फक्त ज्याची लॉरी त्याला विचारायचं राहिलं होतं.

पुढच्या रविवारी ते इंजिन बोटीत चढवलं. बोटवाला आधी नाहीच म्हणाला. मग म्हणाला, बारा माणसांचे पैसे द्या, पण बाराजण बसू नका. चौघांनी मिळून ते फळीवरून खाली सरकवलं तेव्हा बोट एका अंगाला एवढी कलली, की मी काठावरच राहावं का, असा विचार माझ्या मनात आला. आंटी इंजिनावर हात ठेवून बसल्या होत्या, बसमध्ये शेजारच्या लहान मुलावर ठेवावा तसा.

अंगणात तीन वासे बांधून तिवई केली, तिला चेनपुली लावली आणि जुनं इंजिन बाहेर काढलं. ते एका दिवसात निघालं. त्यामुळे मलाही वाटायला लागलं, की हे काही एवढं अवघड नाही. आंटींनी मला मापं घ्यायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या शिक्षणाला शोभेल असं काम दिलं होतं. मी टेप घेऊन लांबी, रुंदी, उंची घेतली, वहीत आकृती काढली, आणि इंजिन बसतंय, पुढे दोन बोटं जागा उरते, असं छातीठोकपणे सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आंटींनी इंजिन ज्यांवर टेकतं ती माउंटिंग्ज वेल्ड करून घेतली. इंजिन खाली सोडलं. बसलं. मग त्यांनी पुढचा पंखा लावायला घेतला आणि तो रेडिएटरला जाऊन भिडला. मी माप घेतलं तेव्हा पंखा काढून ठेवलेला होता. तो मोजायचा असतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

 आंटींनी माझी वही मागितली, आकृती बघितली, वही परत दिली आणि म्हणाल्या, "चित्र छान काढतेस."

रेडिएटर चार इंच पुढे घ्यावा लागला. त्यासाठी जाळी कापावी लागली. मग कळलं, की जुना गिअरबॉक्स नव्या इंजिनाला जोडलाच जात नाही. हे मी इंजिन घेतलं त्या भंगाराच्या दुकानातच म्हटलं होतं, की गिअरबॉक्सही बरोबर घेऊ. आंटी म्हणाल्या होत्या, वजन वाढेल, बोटवाला कटकट करेल. आता पुन्हा तो बोटवाला आणि पुन्हा ती फळी. गिअरबॉक्स आला तर तो लांब, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड करायचा; तो शहरात नेऊन कापून आणायचा. एक काम संपवावं तर त्याच्या पोटातून दुसरं निघायचं. पाच रविवार गेले. माझ्या नखांतलं काळं सोमवारी विद्यापीठात लपवता लपवता नाकी नऊ यायचे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "हेच करायचं होतं तर आयटीआय काय वाईट होतं?"

पण खरा वैताग या कामाचा नव्हता. वैताग होता तो भावाबहिणीचा. अंकल दिवसभर ओसरीवर बसून असायचे, कामाकडे पाठ करून. आंटी त्यांना काही विचारायच्या, ते उत्तर द्यायचे नाहीत. मग आंटी माझ्याकडे वळून मोठ्यानं काहीतरी म्हणायच्या, मला मान हलवायला लावायच्या आणि पुन्हा त्यांच्याकडे बघायच्या. मी काय कबूल केलंय हे मला दर वेळी नंतर कळायचं. एकदा म्हणे मी सांगितलं होतं, की या वयात क्रेट उचलले तर पाठीचा मणका सरकतो. मी त्या प्रकारची डॉक्टर नव्हतेच. पण माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून आंटी नेम धरत होत्या, आणि मी होयबासारखी उभी.

सहाव्या रविवारी आंटी होजपाइप विसरून आल्या आणि धक्क्याजवळच्या कोणाकडे मिळतोय का बघायला सायकलनं गेल्या. मी लॉरीखाली बोल्ट आवळत होते. अंकल उठून आले आणि वाकून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना इंग्रजी येत नाही असं मी धरून चालले होते. आंटींनी तसंच भासवलं होतं.

ते इंग्रजीत म्हणाले, "मोठं इंजिन. तू म्हणालीस, का ती म्हणाली?"

मला इतका कंटाळा आला होता, की खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. मी लॉरीखालून बाहेर आले आणि म्हटलं, "त्या म्हणाल्या. मी फक्त मान हलवली."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "याआधी तिनं दोन मेकॅनिक आणले. मी हाकलून दिले. तू परदेशातून आलेली मुलगी. तुला कसं हाकलणार?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला वाटत होतं, माझ्या पदवीमुळे मला आणलंय. पदवीचा काही संबंध नव्हता. पाहुणीला घालवून देणं अंकलना जमणार नाही, हे बहिणीला ठाऊक होतं. एवढ्यासाठी माझे सहा रविवार गेले होते. पाना फेकून धक्क्याकडे चालायला लागावं, असं मला वाटलं. पण बोट बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही, आणि आंटी धक्क्यावरच होत्या.

मी त्यांना विचारलं, "तुम्हाला नको होतं का इंजिन?"

"मला कोणी विचारलं नाही."

"मी विचारते. तुम्हाला काय पाहिजे?"

 त्यांनी लॉरीचं दार उघडलं, उजवा पाय वर टाकायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. गुडघ्याला हात लावून म्हणाले, "इथे. उंच आहे. दोन वर्षं झाली. क्रेट उचलताना काही होत नाही. चढताना होतं."

दोन फेऱ्या म्हणजे चार वेळा चढायचं, चार वेळा उतरायचं. बहीण बघत होती ते क्रेट, आणि भावाला नको होतं ते दार.

आंटी होजपाइप घेऊन आल्यावर मी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मग तो कठोर झाला आणि त्या भावावर ओरडल्या. अंकलनीही आवाज चढवला. एवढ्या रविवारांत त्यांना एकमेकांशी थेट बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि कोणी मला मान हलवायलाही सांगत नव्हतं. कोंबड्या अंगणातून पळून गेल्या. अर्ध्या तासानं आंटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हा मूर्ख आहे. लोखंडी पट्टी शोध."

मागच्या पडवीत गंजलेला एक जाड पत्रा होता. आंटींनी तो कापून, वाकवून दाराखाली पायरी वेल्ड केली. जमिनीपासून किती उंच हवी, हे अंकलनी स्वतः पाय ठेवून दाखवलं. मी टेप काढला तर दोघांनीही मला तो खिशात ठेवायला सांगितलं. पाऊण तासाचं काम. सहा रविवारांच्या त्या खटाटोपात हे एकच काम पहिल्या झटक्यात बरोबर झालं.

सातव्या रविवारी इंजिन सुरू झालं. आधी काळा धूर, मग खडखडाट, मग एक भक्कम, जाड आवाज. अंकलचा कुत्रा ओसरीखाली शिरला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. मी आंटींना पुन्हा एकदा सांगितलं, की रेडिएटर जुन्या इंजिनाचाच आहे, त्याला एवढी उष्णता झेपणार नाही, मोठा बसवू. या एका विषयातलं मला खरोखर कळत होतं. मी आकडेमोड करून आणली होती.

आंटी म्हणाल्या, "बेट केवढंसं आहे. तापायला वेळच मिळणार नाही."

धक्क्यावर सगळे क्रेट भरले. अंकल पायरीवर पाय देऊन चढले, आंटी त्यांच्या शेजारी, मी मागे क्रेटवर. चढाशी आल्यावर अंकलनी सवयीनं वेग कमी केला. आंटी काहीतरी म्हणाल्या. लॉरी पुढे निघाली आणि न थांबता, धापा न टाकता, भरल्या वजनानिशी वर गेली. चढ संपला, तेवढ्यात बॉनेटखालून वाफेचा लोट आला आणि गरम पाणी काचेवर उडालं.

आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला बसून इंजिन थंड व्हायची वाट बघत होतो. सायकलवरून जाणारी माणसं थांबून विचारपूस करत होती. अंकलनी मागचा एक क्रेट उघडून त्यांना तिथंच थंड पेयं विकायला सुरुवात केली. आंटी माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. मी मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"तू वेळेवर सांगायला पाहिजे होतंस."

"तीनदा सांगितलं."

"मोठ्यानं सांगायचं असतं," आंटी म्हणाल्या. "इंजिनाचा आवाज असतो ना."

मोठा रेडिएटर त्याच्या पुढच्या रविवारी बसला. मी सांगितलेल्या मापाचा, पंखा धरून. त्यानंतर लॉरी कधी तापली नाही. आंटी शेजाऱ्यांना सांगायच्या, की इंजिन त्यांनी बसवलं, रेडिएटर डॉक्टरनं सुचवला आणि पायरी ही तिघांची कल्पना. शेवटचा भाग मला कधीच पटला नाही, पण मी वाद घातला नाही. त्याचा परिणाम एवढाच झाला, की आमच्या मजल्यावरच्या लोकांनी माझ्या खोलीबाहेर बिघडलेले टेबलफॅन आणून ठेवायला सुरुवात केली. आंटी ते रात्रीच्या जेवणानंतर दुरुस्त करायच्या, आणि मी शेजारी उभी राहून मान हलवायचे.

वर्षभरानं माझी फेलोशिप संपली. परतण्याआधी मी एकदा एकटीच उबीनला गेले. अंकल चढाच्या पायथ्याशी लॉरी थांबवून खाली उतरलेले दिसले. क्रेट सगळे आतच होते. मी सायकल थांबवून विचारलं, लॉरी बंद पडली का?

"नाही," ते म्हणाले. "इथे बसायची सवय आहे."

ते झाडाखाली बसले. मीही बसले. पंधरा मिनिटं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली बघितल्या. मग ते उठले, पायरीवर पाय ठेवून आत चढले आणि मला म्हणाले, "सायकल मागे टाक. चढावर चालवत कशाला जातेस?"