तिसऱ्या ताऱ्याची वाट

सरकारचं आणि परमेश्वराचं काम एकाच चष्म्यातून तपासणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच होता, आणि तो कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत, नेमका माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होता. हे वरचे काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले आपले मराठी ज्यू. मासे खाताना कोकणी, वाद घालताना पुणेरी आणि शुक्रवारी सूर्य मावळला की एकदम मोशेच्या काळातले. तिथून शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत ते ना गाडीत बसत, ना दिवा लावत, ना कागदावर रेघ ओढत.

हवामान बिघडतंय तर सरकारने काय करावं, याचं उत्तर त्यांच्याकडे एका शब्दात होतं: कठडा. हातातलं दूध नासेपर्यंत ते मला जिन्यात अडवून सांगत, "आमच्या धर्मग्रंथात आज्ञाच आहे. घर बांधशील तर गच्चीला कठडा बांध. कधी? कुणी पडायच्या आधी! पडल्यावर होतो तो पंचनामा. आणि ही गच्ची सगळ्यांची, मग कठडा कोण बांधणार? तुम्ही? तुमच्याच्याने खिळा ठोकवत नाही. सरकारनेच बांधायचा." मतं मागायला येणाऱ्यांना काका चहा देत आणि विचारत, "कठडा कुठवर आला?" एका उमेदवाराने घाबरून आमच्या गच्चीचा कठडा खरोखरच रंगवून दिला.

अशात फाटकाजवळचं जांभूळ रस्ता रुंद करण्यासाठी तोडायचं ठरलं. काकांनी हरकत लिहायला घेतली. 'वेढा घातलेल्या शत्रूच्या शहराचंही फळझाड तोडू नये अशी आमच्यात आज्ञा आहे; इथे तर कर्वेनगरशी कुणाचं युद्धही नाही.' हे वाक्य त्यांनी इतकं घासूनपुसून लिहिलं, की सहीसाठी पेन टेकवणार तोच शुक्रवारचा सूर्य मावळला. पेन खाली!

शनिवारी संध्याकाळी झाड पाहायला महापालिकेचे साहेब आले. "आजोबा, सही राहिली."

"आज शनिवार. उद्या या."

"उद्या रविवार. आमची सुट्टी."

"म्हणजे तुम्हीही पाळता की!"

साहेब हसले नाहीत. अहवाल आजच जायचा होता आणि बिनसहीची हरकत म्हणजे रद्दी. मी कुजबुजलो, "काका, एका सहीने देव रागावणार आहे का?"

"तो नाही रागावायचा हो. पण मीच माझा कायदा मोडला, तर ह्यांना 'तुमचा कायदा पाळा' असं कुठल्या तोंडाने सांगू?"

मग साहेबांना जांभळाखाली खुर्ची मिळाली, काकूंनी ओल्या खोबऱ्याचा मलिदा, म्हणजे गोड पोहे, पुढे केला आणि सगळी सोसायटी माना वर करून उभी राहिली. पहिला तारा दिसला, दुसराही दिसला. तिसरा म्हणून जो सापडला, तो लोहगावच्या विमानतळावर उतरायला निघाला. बाकी नुसती धूळ. "हवा स्वच्छ ठेवली असतीत साहेब," काका म्हणाले, "तर एव्हाना घरी पोचला असतात." साहेबांनी दुसऱ्यांदा मलिदा घेतला आणि अचानक बशीसकट उठून ओरडले, "आजोबा, तो बघा! टाकीच्या वर!" काकांनी नीट निरखून पाहिलं, प्रार्थना पुटपुटले आणि झोकात सही केली.

रस्ता जांभळाला वळसा घालून गेला. काका-काकू मात्र सरळ मुलीकडे गेले, इस्रायलला. फोनवर ते आधी जांभळाची चौकशी करतात, मग विचारतात, "तारे दिसतात ना?" मी "दिसतात" म्हणतो. खरं तर शनिवारी त्या रंगवलेल्या कठड्याला टेकून मी बघतो, तेव्हा हल्ली दोनच दिसतात. तिसऱ्यासाठी मी थांबतो. तो दिसेपर्यंत काकांचा शनिवार संपत नाही.