मधलं घड्याळ

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणारा तो माणूस मैदानावर टायमरकाका म्हणून ओळखला जायचा. दुकानात त्याच्याकडे कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. पुढे मालक गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायचा आणि मागे हा फिरत्या चाकावर काच धरून, हातावर पाणी उडवून घेत, तिची कड फ्रेमच्या मापाला आणायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मैदानावर जायचा आणि शेवटच्या रेषेसमोरच्या लाकडी पायऱ्यांवर हातात स्टॉपवॉच घेऊन बसायचा.

त्याला स्वतःला धावता यायचं अशातला भाग नव्हता. शाळेत असताना एकदाच तो शेवटून दुसरा आला होता, आणि तेसुद्धा शेवटच्या मुलाचा पाय मुरगळला म्हणून, असं त्याची बायको सांगायची. तरुणपणी एकदा स्पर्धा बघायला गेला असताना वेळ घेणाऱ्यांपैकी एक जण चहा प्यायला गेला तो आलाच नाही. कुणीतरी याच्या हातात घड्याळ दिलं आणि म्हणालं, हे धर जरा. तेव्हापासून त्याने ते धरलं ते धरलंच.

यंत्राने वेळ घेण्याची सोय त्या मैदानावर तेव्हा आली नव्हती. पायऱ्यांवर माणसं बसायची आणि अंगठ्याने बटण दाबायची. नव्या माणसाला टायमरकाका दोन गोष्टी शिकवायचा. पिस्तुलाच्या आवाजावर घड्याळ सुरू करायचं नाही, धुरावर करायचं. आवाजाला मैदान ओलांडून यायला वेळ लागतो, धूर दिसतो तो तिथल्या तिथे. आणि संपताना धावणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. नजर रेषेवर ठेवायची, छाती तिथे आली की दाबायचं. तोंडाकडे बघितलं की माणूस गुंततो आणि अंगठा रेंगाळतो, असं तो म्हणायचा.

पहिल्या येणाऱ्यावर तीन घड्याळं असायची. दोन जुळली तर ती वेळ खरी. तिन्ही वेगळी निघाली तर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त सोडून द्यायची आणि मधली धरायची. टायमरकाकाचं घड्याळ इतक्या वेळा मधलं निघायचं, की बाकीचे दोघे त्याला म्हणायचे, तू एकटाच बस, आम्ही घरी जाऊन झोपतो.

त्याला एकच मुलगी. चालायला लागली ती धावतच, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे आणि पुढे ते नाव मैदानावरही गेलं. ती चारशे मीटर पळायची. पूर्ण एक फेरी, सगळा जीव खाणारी शर्यत. तिला शिकवायला कोच होते. बापाने कधी त्यात तोंड घातलं नाही. पण शर्यत संपली की ती धापा टाकत पायऱ्यांपाशी यायची आणि विचारायची, किती? तो आकडा सांगायचा. छान नाही, शाबास नाही, नुसता आकडा. ती तेवढ्यावर हसून जायची. बायकोचा मात्र जीव तुटायचा. पोर पळून आली आहे, आकडे कसले सांगता, पाठीवरून हात तरी फिरवा, असं ती घरी आल्यावर सुनवायची. तो म्हणायचा, तिला कळतं. आणि बहुतेक तिला कळत असावंही.

भिंगरी सतरा वर्षांची असताना निवड चाचणी आली. निवड झाली तर क्रीडा प्रबोधिनीत राहायला जागा, खाणं, शिक्षण, चांगले कोच. तिच्या वयोगटातलं ते तिचं शेवटचं वर्ष होतं. नुसतं पहिलं येऊन भागणार नव्हतं. छप्पन सेकंद किंवा त्याच्या आत पळायला हवं होतं.

त्या दिवशी पहिल्या क्रमांकाचं एक घड्याळ धरणारा माणूस आजारी पडला. मुख्य पंचांनी ते टायमरकाकाला धरायला सांगितलं. तो नको म्हणाला. माझी मुलगी धावते आहे, मला दुसऱ्या येणाऱ्याच्या घड्याळावरच राहू द्या, असं त्याने दोनदा सांगितलं. पंच हसले आणि म्हणाले, तुमच्यावर कोण शंका घेणार? त्याला स्वतःलाही स्वतःवर शंका नव्हती. तो जाऊन बसला.

धूर दिसला, घड्याळं सुरू झाली. तिसऱ्या शंभरातच भिंगरीने सगळ्यांना मागे टाकलं. शेवटच्या वळणातून ती सरळ रेषेवर आली तेव्हा तिचे खांदे वर चढले होते आणि पाय जड पडत होते. ती अशी कोसळायला आलेली बघून टायमरकाकाची नजर रेषेवरून उचलली गेली आणि तिच्या तोंडावर गेली. किती वेळ, ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. तिची छाती रेषेवर आली, त्याने बटण दाबलं.

एका घड्याळात पंचावन्न पूर्णांक नऊ. दुसऱ्यात छप्पन पूर्णांक तीन. दोघांनी वळून त्याच्याकडे बघितलं. मुख्य पंच कागद घेऊन उभे होते. त्याने घड्याळ बघितलं आणि जे होतं ते वाचलं. छप्पन पूर्णांक एक.

सगळ्या मुलींना हरवून ती वेळेकडून हरली.

नेहमीसारखी ती पायऱ्यांपाशी आली आणि विचारलं, किती? त्याने आकडा सांगितला. ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली, त्याच्या तोंडून अजून काही यायचं बाकी आहे अशी. ते आलं नाही. मग ती खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

घरी त्या दिवशी रडणं-ओरडणं झालं नाही. बायकोने एवढंच विचारलं, "एक दशांश म्हणजे केवढं हो?"

तो म्हणाला, "डोळ्याचं पातं लवायला त्याहून जास्त वेळ लागतो."

"म्हणजे डोळा लवायच्या आत माझ्या पोरीचं सगळं गेलं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

भिंगरीने धावणं सोडलं. कोच दोनदा घरी येऊन गेले. मोठ्या गटात पळ, अजून वय आहे, म्हणाले. ती हो म्हणाली आणि गेली नाही. बापाशी ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने अबोलाही धरला नाही. जेवण वाढलं आहे, पाणी गेलं आहे, तुमचा फोन आला होता, असं कामापुरतं बोलायची. किती, हा शब्द मात्र तिने पुन्हा त्याच्याशी बोलताना वापरला नाही. बारावी झाली, ती दुसऱ्या शहरात शिकायला गेली आणि तिथेच एका औषध कंपनीच्या गोदामात नोकरीला लागली.

टायमरकाका नंतरही वर्षभर मैदानावर जात होता. पण त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. दुपारी दुकानात काम नसलं की तो खिशातून घड्याळ काढायचा. चाक बंद केल्यावर हळूहळू थांबायचं. ते थांबतं त्या क्षणी तो बटण दाबायचा. एकदा चाकाकडे बघून, एकदा मालकाच्या मुलीच्या फोटोकडे बघता बघता. शेवटी त्याला जे कळायचं ते कळलं. नजर हलली की अंगठा मागे राहतो. थोडाच राहतो, पण एका दशांशाला पुरून उरेल एवढा राहतो.

तो मुख्य पंचांच्या घरी गेला आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो, प्रत्येक घड्याळामागे एक अंगठा असतोच. म्हणून तर तीन माणसं बसवतो. तिघं आपापल्या परीने चुकतात आणि मधला आकडा आपण खरा मानतो. मानतो, एवढंच. वेळ काय झाली ते देवालाच ठाऊक."

"पण मधला आकडा माझाच होता," टायमरकाका म्हणाला.

निकालावर सह्या होऊन वर्ष उलटलं होतं. त्याने घड्याळ त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि घरी आला. त्यानंतर तो मैदानावर गेला नाही.

मुलीला मात्र त्याने हे सांगितलं नाही. बायको मागे लागायची. फोन करा, बोला तिच्याशी, ती तुमचीच वाट बघते आहे. तो म्हणायचा, आता सांगून तिला काय मिळणार, उलट जखमेवरची खपली निघेल. खरं म्हणजे त्याला भीती वाटायची. आज ती समजते की बाप खरं बोलला आणि मी कमी पडले. उद्या कळलं की बापामुळेच गेलं, तर जे थोडं बोलते तेही बोलायची नाही. अशी एकेक करत चौदा वर्षं गेली. भिंगरी वर्षाकाठी दोनदा यायची, आईच्या कुशीत झोपायची, बापाला औषधं वेळेवर घेता ना, असं विचारायची आणि परत जायची.

मग बायको गेली. महिनाभर पोट दुखतंय म्हणत होती, तपासलं तेव्हा फार उशीर झाला होता. शुद्धीत होती तोवर ती दोघांचे हात एकमेकांच्या हातात देऊ बघायची. दोघंही ते तिच्यासमोर धरून ठेवायचे आणि तिला झोप लागली की सोडायचे.

पाहुणे पांगल्यावर भिंगरी आईचं कपाट आवरायला मागे राहिली. दुपारची वेळ होती. ती साड्यांच्या घड्या घालत होती आणि टायमरकाका दारात उभा होता. मग एकदम म्हणाला, "भिंगरे, त्या दिवशीचा आकडा चुकला होता. मी रेषेकडे बघत नव्हतो. माझा अंगठा मागे राहिला."

तिचे हात थांबले. पण ती त्याच्याकडे वळली नाही.

"तुम्ही माझ्याकडे बघत होता," ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"मी बघितलं ना, बाबा. वळणावरच माझे पाय संपले होते. मी आता पडणार असं वाटत होतं. तेवढ्यात तुम्ही दिसलात. एरवी तुमची मान खाली असते, रेषेकडे. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आज बाबा घड्याळाचे नाहीत, माझे आहेत. त्याच्या जोरावर मी शेवटपर्यंत आले. नाहीतर मी तिथेच बसले असते."

टायमरकाकाने चौकट धरली.

"मग मी तुमच्यापाशी आले," ती म्हणाली, "आणि तुम्ही आकडा सांगितलात. नेहमीसारखा. तेव्हा मला वाटलं, मला भास झाला. दमलेल्या माणसाला होतात तसले भास. तुम्ही रेषेकडेच बघत असणार. एका दशांशाचं दुःख मी वर्षभरात विसरले असते, बाबा. दुसऱ्या गोष्टीचं नाही विसरले."

"मला वाटायचं, तुला कळतं," तो म्हणाला.

"मी पण तसंच समजत होते. त्या दिवसापर्यंत."

तो खाली बसला, आईच्या साड्यांच्या ढिगाशेजारी, आणि लहान मुलासारखा रडला. तिने आधी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. ती त्याच्या शेजारी बसली, पण जवळ घ्यावं की नाही हे तिला ठरवता येईना. इतक्या वर्षांत हात लावायची सवयच राहिली नव्हती. शेवटी तिने पाणी आणून दिलं. आईने हे ऐकायला हवं होतं, एवढंच ती म्हणाली. ते दोघांनाही पोचलं. आयुष्यभर जी मधे बसून दोघांची समजूत घालत होती, तिच्या माघारी एका दुपारीतच हे बोलून झालं होतं. तिच्या हयातीत बोलायला कुणी अडवलं नव्हतं.

रजा संपली, भिंगरी कामावर परत गेली. पण आता ती महिन्यातून एकदा यायला लागली. टायमरकाकाचे गुडघे गेले होते आणि दम लागायचा. संध्याकाळी ती त्याला कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत फिरायला न्यायची. त्याच्या चालीने चालणं तिला जमायचं नाही. बोलता बोलता ती पुढे निघून जायची, मग भानावर येऊन थांबायची, तो पोचेपर्यंत उभी राहायची. तो हळूहळू येताना तिच्या तोंडाकडे बघत यायचा. खाली खड्डे बघा, पडाल, असं ती ओरडायची, तरी बघायचा. धावण्याचा विषय त्यांनी काढला नाही. फार बोलायचेही नाहीत. गोदामात नवीन साहेब आला आहे, शेजारच्यांनी भिंत रंगवली, असलं काहीतरी.

दीड वर्षाने एका सकाळी तो चहा घेता घेता खुर्चीतच गेला. शेजारच्या काकूंनी फोन केला. भिंगरी आली, जे करायचं ते सगळं तिने केलं. घर भाड्याचं होतं; ते रिकामं करून किल्ली घरमालकाला द्यायची होती. निघताना काकू तिला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस गं. शेवटी दीड वर्ष तरी मिळालं तुम्हा दोघांना."

"दीडच वर्ष मिळालं, काकू," ती म्हणाली.

मग ती किल्ली द्यायला जिना उतरून गेली.