गिरणीवाल्याचं कॅरी ऑन

माधवनगरातल्या आमच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं फौजेतून दोनच इंग्रजी शब्द आणलेत : ‘कॅरी ऑन’. दळणाचा डबा ठेवला की कॅरी ऑन, वीज गेली तरी कॅरी ऑन. मी वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतो. लेकीला या दोन शब्दांचे अर्थ चार उदाहरणांसकट वहीत लिहून दिले, तेव्हा तिनं जांभई दिली होती.

परवा गिरणीसमोरच ती सायकलवरून पडली. मी डबा टाकून धावलो. तो पिठानं माखलेला गडी दारातूनच गरजला, “काय झालं न्हाई गं! कॅरी ऑन!”

पोरगी डोळे पुसत उठली आणि सायकल घेऊन निघालीसुद्धा. माझ्याकडं बघितलंही नाही. मी जळत उभा.

“आवं मास्तर,” तो हसला, “तुमी बी कॅरी ऑन.”

सांगायला लाज वाटते, पण मी छाती काढून डबा उचलला.