सगळ्यांच्या सोयीचं रिसॉर्ट

उमेळ्याच्या आमच्या घरात रिसॉर्ट ठरवण्यात अख्खा महिना गेला. भावाला पोहायचा तलाव हवा होता, पुतण्यांना रेन डान्स, वहिनीला फोटोपुरती झाडं आणि आईला फक्त शांतता. सगळ्यांचं सगळं जमेल म्हणून भावानं निवडलं भुईगावचं रिसॉर्ट, आमच्या मावशीच्या वाडीला अगदी लागून. एरवी मावशीकडे जायला मात्र कुणालाच वेळ नसतो.

तिथं गुडघाभर निळ्या पाण्यात माणसं कोंबली होती आणि स्पीकर छाती हादरवत होते. बँकेत साहेब असलेला माझा भाऊ भाड्याची नायलॉनची चड्डी घालून कारंज्याखाली नाचत होता. शांत जागा विचारली, तर मॅनेजरनं पार्किंगकडे बोट दाखवलं.

जेवायच्या वेळी आई दिसेना. मी सरळ मावशीकडे गेलो. दोघी मागच्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आपण कुणाबरोबर आलो, हे आईनं सांगितलेलं दिसत नव्हतं.

भिंतीपलीकडच्या गोंगाटावर मावशी करवादली, "दर रविवारी हेच! कुठून येतात गं ही बिनडोक माणसं?"

आई मान वर न करता म्हणाली, "उमेळ्याहून."